कोण बोलतंय, ते आधी सांगा

माझ्या वडिलांची थोरली बहीण टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. नात्यानं ती माझी आत्या, पण वडील तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. पुढे मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीतली फुलवाली, इस्त्रीवाला आणि देवळातले अर्चकसुद्धा तिला अक्काच म्हणायला लागले. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की महाराष्ट्रातलं आमचं मूळ गाव कोणतं, याबद्दल घरात तीन मतं आहेत. आम्ही उंबऱ्याच्या आत मराठी बोलतो आणि बाहेर कन्नड. अक्काकडे आणखी एक भाषा होती, टेलिफोनवरची इंग्रजी. ती बोलताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

अक्का ट्रंक एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी परगावी फोन करायचा तर आधी तिच्यासारख्या कुणाला तरी नंबर सांगावा लागे. मग ती वायरचा प्लग समोरच्या बोर्डात खुपसणार, पलीकडच्या गावची ऑपरेटर गाठणार, आणि तिच्याकडून ते घर. त्यात एक पीपी कॉल असायचा. म्हणजे ठरावीक माणूसच फोनवर हवा. अक्का पलीकडच्या घरी आधी सांगायची, अमुक गावाहून अमुक बोलताहेत, त्यांना अमुकच हवेत, आहेत का घरात? ते आले की म्हणायची, "बोला." दोन्हीकडचा आवाज नीट पोचतोय याची खात्री झाल्यावरच ती बाजूला व्हायची.

तिनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "माझ्या ड्यूटीच्या वेळा कुणाला जमणार होत्या?" खरं कारण काही वेगळं असेल तर ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. सणावाराला घरी पाहुणे जमले की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एक्स्चेंजच्या आवाजात म्हणायची, "पानं वाढलेली आहेत, कृपया यावं." आम्ही मुलं हसून लोळायचो. पण उठायचो मात्र पहिल्या हाकेला.

मी कॉलेजात असताना टेलिफोनचा बाजार खुला झाला. तोवर घरी फोन हवा असेल तर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. गल्लीतले लोक वशिल्यासाठी अक्काकडे यायचे आणि ती त्यांना कॉफी पाजून परत पाठवायची. मग खासगी कंपन्या आल्या, खिशात मावणारे फोन आले आणि एका रस्त्यावर चार-चार कंपन्यांच्या पाट्या लागल्या. काही वर्षांनी एकेक पाटी उतरली. कुणी कुणाला विकत घेतलं, कुणी गाशा गुंडाळला, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या उरल्या. त्यांतल्याच एकीत मी वकिलीचं शिक्षण संपवून आधीच लागले होते.

माझं काम असं की टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणारं जे सरकारी नियामक मंडळ आहे, ते नवा नियम करण्याआधी मसुदा काढतं. तो मसुदा आम्ही वाचायचा आणि कंपनीला त्यातलं काय जमेल, काय जमणार नाही, हे मंडळाला लिहून कळवायचं.

हे मी अक्काला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती.

"म्हणजे तू आमच्या विरुद्ध लिहिणार," ती म्हणाली.

"विरुद्ध नाही गं. तुमचं खातं वेगळं, आमची कंपनी वेगळी, दोघांनाही नियम सारखेच."

"सरी बिडु," ती म्हणाली. म्हणजे बरं, जाऊ दे. मग विचारलं, "कँटीन बरं आहे ना तिथलं?"

ती निवृत्त झाली तेव्हा तिचं एक्स्चेंज केव्हाच बंद झालं होतं आणि ती कुठल्याशा चौकशी खिडकीवर बसत होती. पण 'खातं' हा शब्द ती देवाच्या नावासारखाच घ्यायची. मोबाइलसुद्धा तिनं सरकारी कंपनीचाच घेतला, बटणांचा, साधा. पुढे आमच्या गल्लीत त्याला रेंज मिळेना. फोन आला की ती गच्चीवर धावायची. गुडघे दुखायला लागल्यावर मी तिला समजावलं की आता नंबर न बदलता कंपनी बदलता येते, तसा नियमच झालाय. आठवडाभरानं ती म्हणाली, "नाव माहेरचंच ठेवून सासर बदलायचं म्हणते आहेस तू." आणि आमच्या कंपनीत आली. नंतर गुडघ्यांना बरं वाटलं, पण मला भेटेल तेव्हा तक्रार करायची की तुमच्या कंपनीचा आवाज 'पातळ' आहे.

मी ऑफिसच्या जवळ, महादेवपुऱ्यात राहते. दर शनिवारी मेट्रोनं मल्लेश्वरमला जाते, अक्काकडे जेवते, संध्याकाळी परत येते. गेल्या काही वर्षांतल्या एका शनिवारची ही गोष्ट आहे.

त्या दिवशी निघण्याआधी मी तिला फोन केला, तर लाइन बिझी. तिच्या बऱ्याच मैत्रिणी ऑपरेटरच, म्हणून मला नवल वाटलं नाही. मेट्रोत बसल्यावर पुन्हा केला, बिझी. मॅजेस्टिकला गाडी बदलताना केला, तरी बिझी. तिथून पुढे मला बसवेना. स्टेशनवरून मी जवळजवळ पळतच घरी पोचले.

तिनं दार उघडलं ते फोन कानाला लावूनच. मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि परत खुर्चीत जाऊन बसली, पाठ ताठ, डोळे समोरच्या भिंतीवर. गॅसवर भाताचा कुकर तसाच, खाली आच नव्हती. अंगावर पूजेच्या वेळचं सोवळं होतं. म्हणजे सकाळच्या पूजेपासून ती फोनवरच होती.

"येस सर," ती फोनवर म्हणाली. "आय ॲम होल्डिंग, सर."

मी खुणेनं विचारलं, कोण?

तिनं फोनवर तळहात धरला आणि कुजबुजली, "खात्यातून आहेत. बोलू नकोस."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अशा फोनांबद्दलची परिपत्रकं माझ्याच टेबलावरून जात होती. मी तिच्या हातातून फोन घेतला. पलीकडून एका पुरुषाचा करडा आवाज हिंदीत बजावत होता की मॅडम, फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, मोठे साहेब येताहेत. मी लाल बटण दाबलं.

अक्का उभी राहिली. तिला एवढं चिडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. "अगं, लाइनवर माणूस होता! न सांगता कापलंस?"

"अक्का, तो खात्यातला नव्हता. चोर होता."

"तुला काय माहीत?"

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि काय काय झालं ते विचारलं. ते हळूहळू बाहेर आलं. आधी रेकॉर्ड केलेला आवाज आला होता, टेलिफोन खात्यातून बोलत आहोत, तुमचे सगळे नंबर आज बंद होतील, अधिक माहितीसाठी अमुक बटण दाबा. तिनं दाबलं. मग एक 'अधिकारी' आला. तो म्हणाला, तुमच्या नावावर दुसरं एक सिमकार्ड आहे आणि त्यावरून गुन्हा झालाय. अक्कानं त्याला ठणकावून सांगितलं की मी स्वतः खात्यात होते, असलं काही करणार नाही. यावर त्या माणसाचा सूर एकदम बदलला. अरे मॅडम, म्हणजे तुम्ही तर आमच्यातल्याच! मग तर आपण हे प्रकरण घरातल्या घरात मिटवू. फक्त व्हिडिओ कॉलवर जबाब द्या.

"पण माझ्या फोनवर व्हिडिओ नाही ना," अक्का म्हणाली. "मी सांगितलं तसं. मग त्यांनी होल्ड करायला सांगितलं, म्हणून मी होल्ड केला."

तिच्या बटणांच्या फोननंच तिला वाचवलं होतं. त्या माणसाला पुढची चाल सुचेपर्यंत तो तिला नुसता अडकवून ठेवत होता, आणि लाइनवर माणूस असताना फोन ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं बँकेचं नाव तेवढं सांगितलं होतं. मी लगेच बँकेत कळवलं, सरकारच्या तक्रार नंबरवर तक्रार केली. काही गेलं नव्हतं. मी मोठ्यानं हुश्श म्हटलं आणि कुकरखाली गॅस लावायला आत गेले.

बाहेर आले तर ती तशीच बसलेली.

"अगं, काही नुकसान झालं नाही अक्का. झालं ते झालं."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, इतक्या वर्षांनी खात्याला माझी आठवण झाली."

मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात हातात घेतला. कुकरच्या शिट्या झाल्या तेव्हा तीच उठली आणि म्हणाली, "चल, सारूला फोडणी देते. तुला भूक लागली असेल."

त्यानंतर तिनं अनोळखी नंबरचे फोन उचलणं बंद केलं. आम्हाला ते शहाणपणाचंच वाटलं. पण अनोळखी नंबर कुणाकुणाचे असतात ते हळूहळू कळत गेलं. डोळ्यांच्या दवाखान्यातून तारीख बदलल्याचा फोन आला, तो तिनं घेतला नाही आणि भर उन्हात जाऊन परत आली. गॅस सिलिंडरवाला खालून फोन करून करून निघून गेला. मी ऑफिसच्या नंबरवरून केलेला फोन तर तिनं कापूनच टाकला, आणि मला शनिवारी अभिमानानं सांगितलं की परवा एका चोराला मी कसा हाकलला.

एका बाबतीत मात्र ते तिच्या जिवाला लागलं. म्हैसूरला तिची एक मैत्रीण राहते. एक्स्चेंजमध्ये दोघी शेजारी-शेजारी बसायच्या, एकीचा डबा दुसरीनं खायचा असा रिवाज होता. ती बाई एका लग्नासाठी एका दिवसापुरती बंगळुरात आली होती. तिचा फोन बिघडला होता, म्हणून तिनं मुलाच्या फोनवरून अक्काला फोन केला, दोनदा, तीनदा. अक्कानं उचलला नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर अक्का जेवली नाही.

"त्या मेल्यानं माझे पैसे नेले असते तरी चाललं असतं," ती मला म्हणाली. "माझा फोन नेला की त्यानं."

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात एका नव्या नियमाची धावपळ चालू होती. ज्याचा फोन येतोय त्याचं नाव पडद्यावर आपोआप दिसावं, म्हणजे ते नाव आपण साठवून ठेवलेलं नसलं तरी, असा तो प्रस्ताव होता. सिमकार्ड घेताना माणसानं जे नाव दिलं असेल ते दिसणार. नियामक मंडळ अशा विषयावर शहराशहरांत खुली चर्चा ठेवतं. बंगळुरातही ठेवली होती, एका हॉटेलच्या सभागृहात. आमच्या कंपनीतर्फे मी बोलायचं ठरलं. जेवताना मी हे अक्काला सहज सांगितलं.

"कुणीही जाऊ शकतं तिथं?" तिनं विचारलं.

"हो, म्हणूनच खुली."

"सरी," ती म्हणाली आणि मला ताक वाढलं. मी ते विसरूनही गेले.

चर्चेच्या दिवशी मी कागद लावत पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी दिल्लीहून आलेले आमचे वरिष्ठ साहेब. सहज मागे वळून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत अक्का! खळ घातलेली निळी सुती साडी, केसांत मोगरा, मांडीवर पर्स आणि पर्सवर तो बटणांचा फोन. ती एकटीच मेट्रोनं आली होती. माझी आणि तिची नजरानजर झाली तेव्हा तिनं ओळख दाखवली नाही. ड्यूटीवर असताना घरच्यांशी बोलायचं नाही, हा तिचा नियम मला ठाऊक होता.

आधी ग्राहक संघटना बोलल्या, मग एक प्राध्यापक, मग अध्यक्षांनी विचारलं, सर्वसामान्य ग्राहकांपैकी कुणी? अक्का उठली. माइक हातात घेऊन तिनं आधी शेवटच्या रांगेकडे बघितलं आणि विचारलं, "ॲम आय ऑडिबल?" मागून हो आल्यावरच ती पुढे बोलली. बोलली इंग्रजीत, मी इथं मराठीत सांगते.

"मी निवृत्त ऑपरेटर आहे. आमच्या वेळी कोण बोलतंय हे विचारल्याशिवाय आम्ही पीपी कॉल जोडत नव्हतो. घरातल्या माणसाला आधी नाव कळायचं, मग आवाज. आज माझ्या घरात कुणीही घुसतं आणि सांगतं मी खात्यातून बोलतोय. मला फसवायला आलेल्या माणसाला मी सर म्हणत होते. आणि माझ्या मैत्रिणीचा फोन मात्र मी घेतला नाही. ती म्हैसूरला परत गेली."

इथं ती थांबली असती तर फार छान झालं असतं. पण माइक हातात आला होता आणि बऱ्याच वर्षांचं साठलेलं होतं. लाइन बिझी असल्याचं सांगणारी रेकॉर्डमधली बाई कन्नड किती वाईट बोलते, यावर ती घसरली. त्या बाईची तिनं नक्कल केली. लोक हसले. मग पूर्वीच्या हेडफोनपेक्षा आताचे किती हलके आहेत, त्यामुळे मुलांचे कान कसे खराब होतात, तेही आलं. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, "मॅडम, थोडक्यात..."

अक्कानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "थ्री मिनिट्स ओव्हर," ती स्वतःशीच बोलल्यासारखं माइकमध्ये म्हणाली आणि खाली बसली. ट्रंक कॉलचा वेळ संपला की ऑपरेटर मध्येच असं सांगत असत. सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या लोकांना ते आठवलं असावं, कारण टाळ्या त्यांच्याकडून सुरू झाल्या.

आणि लगेच माझं नाव पुकारलं गेलं.

मी कागद घेऊन उभी राहिले. आमच्या कंपनीचं म्हणणं असं होतं की नव्या नेटवर्कवर नाव दाखवणं शक्य आहे, पण त्यासाठी आणखी मुदत हवी. जुन्या पद्धतीच्या नेटवर्कवर आणि साध्या फोनवर ते शक्य नाही, तशी सक्ती करू नये. ते खोटं नव्हतं. आमच्या इंजिनिअरांशी मी स्वतः बसून ते समजून घेतलं होतं. तरी 'साधे हँडसेट वापरणारे ग्राहक' हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा त्यातला एक हँडसेट तिसऱ्या रांगेत एका पर्सवर ठेवलेला आहे, हे मला विसरता येईना. माझं लक्ष कागदावरून उडालं, एक ओळ मी दोनदा वाचली.

मग आमच्या लेखी उत्तरात अगदी तळाशी असलेला एक मुद्दा मी वर आणला. साध्या फोनवर नाव दिसणार नसेल तर निदान बँका आणि सरकारी कचेऱ्यांचे खरे फोन ठरावीक आकड्यांनी सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच यावेत, दुसरीकडून येऊ नयेत, म्हणजे ज्यांना बाकी काही कळणार नाही त्यांना तेवढं तरी कळेल. आमच्या साहेबांनी भुवई जरा उचलली. अध्यक्षांच्या शेजारचे अधिकारी काहीतरी लिहीत होते. माझा मुद्दा लिहून घेत होते की कागदावर रेघोट्या ओढत होते, ते मला दिसलं नाही.

चहाच्या वेळी मी अक्काला गाठलं. तिच्या बशीत दोन बोंडे होते आणि ती आमच्या साहेबांशी बोलत होती. म्हणजे साहेबांनी तिला नमस्कार केला होता, आणि ती त्यांना सांगत होती की तुमची रेंज आमच्या न्हाणीघरात अजिबात येत नाही. साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं पत्ता विचारून घेतला. ती माझी आत्या आहे हे मी सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला.

परतताना आम्ही ऑटो केली. वाटेत मी म्हटलं, "अक्का, मी तुझ्या विरुद्धच बोलले ना."

"विरुद्ध कसलं?" ती म्हणाली. "लाइन खराब असेल तर खराब आहे म्हणून सांगायचं. लाइनवरच्या पार्टीला खोटं सांगायचं नाही. तू छान बोललीस, शेवटचे शब्द गिळले नाहीस." मग जरा पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "माझ्या फोनवर खरंच नाही येणार नाव?"

"नाही गं."

"हौदा?" ती म्हणाली. असं का. तिनं पर्समधून फोन काढला, उलटसुलट करून पाहिला, परत ठेवला. "मग मला नवा घेऊन दे."

किती वर्षं मी तिच्या मागे लागले होते! मी ड्रायव्हरला तिथंच सांगितलं, "अण्णा, स्वल्प निल्लिसी," म्हणजे जरा थांबवा, आणि आम्ही दोघी मोबाइलच्या दुकानाच्या पायऱ्या चढलो.

त्या रविवारी मी तिला म्हैसूरला घेऊन गेले. मैत्रिणीनं दार उघडलं आणि दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. मग मैत्रीण म्हणाली, "सॉरी, नो रिप्लाय फ्रॉम बेंगळूर," आणि दोघी हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मला त्यांनी आतल्या खोलीत बसवून बिसीबेळे भात दिला आणि संध्याकाळपर्यंत माझी आठवणही काढली नाही.

नियम यायला पुढे बराच काळ गेला. आले तेही एकदम आले नाहीत, आज या कंपनीत, उद्या त्या, असं करत आले. बँकांच्या ठरावीक नंबरांचंही झालं. त्यात माझ्या बोलण्याचा काही वाटा होता असं मी म्हणणार नाही, ते अनेकांनी मागितलं होतं. अक्काच्या नव्या फोनवर एके दिवशी नावं उमटायला लागली. पहिले काही दिवस तिच्यासाठी सणच होता. फोन वाजला की चष्मा लावायचा, नाव मोठ्यानं वाचायचं, आणि मग घ्यायचा.

मग भानगडी सुरू झाल्या. गॅसवाल्याच्या फोनवर बाईचं नाव यायचं, कारण सिम त्याच्या बायकोच्या नावावर. दवाखान्याचा फोन आला की भलत्याच कंपनीचं नाव. "आमच्या पीपी कॉलमध्ये असला घोळ चालला नसता," ती म्हणायची. मी तिला सांगितलं की चोर लोकही दुसऱ्या कुणाच्या नावावरची सिम वापरतात, तेव्हा नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवू नकोस. ऑफिसात आता त्यावरचाच मसुदा आलाय. ती म्हणाली, "म्हणजे तुमचं काम संपत नाही कधी."

तिला खरं अडवलं ते आमच्या फुलवालीनं. नाव दिसण्याचं अक्का तिला कौतुकानं सांगायला गेली, तर ती बाई घाबरली. गिऱ्हाईकं तिच्याकडे फोनवर मागणी नोंदवतात आणि फुलं तयार झाली की ती त्यांना फोन करते. "अय्यो अक्का," ती म्हणाली, "म्हणजे माझं पूर्ण नाव त्या सगळ्या पुरुषांना दिसणार? मला नको ते." घरी येऊन अक्कानं मला फोन केला.

"हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं," ती म्हणाली. "आम्ही नाव सांगायचो ते विचारून सांगायचो. बोलणाऱ्याला माहीत असायचं की आपलं नाव पुढे जातंय."

नाव झाकण्याची सोय मागून घेता येते, पण ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही यावर कंपन्यांचा आणि मंडळाचा वाद अजून मिटलेला नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं फुलवालीला कंपनीच्या दुकानात नेलं. तिथल्या पोरीला काहीच माहीत नव्हतं. अक्का आता दर पंधरवड्याला तिथं जाऊन चौकशी करते. ती दिसली की त्या दुकानातले लोक उठून खुर्ची देतात.

गेल्या महिन्यात माझा फोन पाण्यात पडला आणि मी नवा घेतला. जुने नंबर त्यात अजून यायचे होते. मीटिंगमध्ये असताना तो थरथरला. पडद्यावर एका बाईचं नाव होतं, आधी दोन आद्याक्षरं, मग लांबलचक नाव, जुन्या वळणाचं, आता कुणी मुलीला ठेवणार नाही असं. ही कोण बाई, म्हणून मी फोन बंद करायला बोट पुढे नेलं, आणि एकदम लक्षात आलं. ते नाव मी लहानपणी एकदाच वाचलं होतं, तिच्या पगाराच्या पाकिटावर. त्यानंतर घरात ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. एवढं भारदस्त, सुंदर नाव असलेली ही बाई माझ्याशी बोलायला थांबली होती. मी 'एक्स्क्यूज मी' म्हणून बाहेर आले.

"बोल अक्का."

"बिझी आहेस का?"

"नाही. बोल."

"आज अवरेकाळूच्या शेंगा चांगल्या मिळाल्या, वास तर घरभर सुटलाय. सोलून ठेवते. शनिवारी लवकर येतेस का?"

"येते," मी म्हटलं, आणि कॉरिडॉरच्या खिडकीशी उभी राहून तिच्याशी बोलत राहिले.